भिंत सोडवताना

आत्ता जिथे बसला आहात तिथून दिसणारी एक भिंत निवडा. तिच्यावरचं कॅलेंडर, घड्याळ, स्विचच्या भोवती बोटांनी पडलेला काळपट डाग, हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि नजर सावकाश आत न्या. वर रंग आहे. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली गिलावा, गिलाव्याखाली वीट आणि दोन विटांच्या मध्ये बोटभर जाडीचा माल. घाईचं काही काम नाही. मध्ये कुठे थांबावंसं वाटलं तर डोळे मिटा, मग पुढे वाचा.

ही भिंत कधीतरी उतरणार आहे. वाईट वाटून घेऊ नका. मुंबई-पुण्यात आता तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीलाही म्हातारी म्हणतात. सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला की वाढीव क्षेत्रफळावर बोलणं होतं, भाड्यावर होतं, पार्किंगवर तर मध्यरात्रीपर्यंत होतं. उतरणाऱ्या भिंतीचं पुढे काय, हे कुणी विचारत नाही. आज आपण तेवढंच विचारू.

मनानेच तिच्यातली एक वीट काढा आणि तळहातावर घ्या. तीन किलोच्या आसपास भरेल. ते वजन हाताला जाणवू द्या. ही कुठल्यातरी शेतातली, नदीकाठची माती होती. दिवाळी झाली की रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. त्यांच्यापैकी कुणीतरी ही माती तुडवली असेल, साच्यात थापली असेल, उन्हात उलटून-पालटून वाळवली असेल. मग ती भट्टीत नऊशे-हजार अंशांपर्यंत भाजली गेली. भाजलेली माती पुन्हा पेरणीची माती होत नाही. पावसात पडून राहिली तरी ती विरघळत नाही. तो रस्ता भट्टीतच बंद झाला. उरला तो एकच, वीट म्हणून पुन्हा पुन्हा कामाला येण्याचा.

किती काळ कामाला येईल? एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा रुळांखाली घालायला दगड जवळपास नव्हता. ठेकेदारांना हडप्पाची टेकाडं दिसली. त्यांच्या पोटात भाजक्या विटा खच्चून भरलेल्या. शंभर मैलांच्या लोहमार्गाला पुरेल इतका माल तिथून गेला, असं पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नोंदवून ठेवलं आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भाजलेल्या विटा आगगाड्यांचं वजन पेलायला पुरल्या. त्या गेल्या तशा एका प्राचीन शहराच्या भिंती, पायऱ्या, गटारंही गेली, आणि तिथे माणसं कशी राहत होती हे सांगणारा पुरावा खडी होऊन पसरला. जुनं वापरलं की ते चांगलंच झालं, असं समजून पुढे जायला नको म्हणून ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली.

आता विटेच्या कडेवरून बोट फिरवा. तिला काय चिकटलेलं आहे?

पेठेतला जुना वाडा असेल तर चुना असेल. चुन्याचा सांधा विटेहून मऊ असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेत तो वर्षानुवर्षं मुरतो, घट्ट होतो, तरी विटेपेक्षा कणखर होण्याचा हट्ट धरत नाही. छिन्नीचे चार बेताचे ठोके दिले की तो सुटतो. वीट अख्खी हातात येते, घासूनपुसून नव्या कामाला लावता येते. गेल्या साठ-सत्तर वर्षांतली भिंत असेल तर सांधा सिमेंटचा असेल. तो बहुधा विटेहून कठीण असतो. घण बसला की सांधा तसाच राहतो आणि फुटते ती वीट. शंभर विटांच्या भिंतीतून अख्ख्या विटा किती निघतील, हे ती पाडणाऱ्याच्या हातावर फारसं अवलंबून नसतं. ते ज्या दिवशी गवंड्याने थापीने माल लावला त्या दिवशीच ठरलेलं असतं.

इथे थोडं थांबा. दोन वस्तू एकमेकींना जोडताना आपण किती मजबूत जोडलं हे पाहतो. पुढे कुणाला हे सोडवावं लागलं तर कसं सुटेल, हे त्या वेळी मनात येतं का?

कोकणातल्या कौलारू घरांत ते येत असे, कारण तिथे सोडवणं दरवर्षीचंच होतं. पावसाआधी कौलं परतायची. माणूस छपरावर चढणार, एकेक कौल उचलणार, शेवाळ आणि पालापाचोळा झाडणार, फुटकं बाजूला काढणार, चांगलं पुन्हा रिपेवर अडकवणार. कौलाला ना चुना, ना सिमेंट, ना खिळा. ते आपल्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर बसलेलं. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती मंगलोरी कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. त्यांचं मोठं वैशिष्ट्य मला हेच वाटतं की ती घरापेक्षा जास्त टिकली. घर उतरवायची वेळ आली की माणसांची रांग लागते, कौलं हातोहात खाली येतात, कुंपणाला उभी रचली जातात आणि मग कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या पडवीवर पुन्हा चढतात. जांभ्याच्या चिऱ्यांचंही तसंच. घराचा चिरा गडग्यात जातो. फुटलेल्या विटांनाही काम होतं. त्या कुटून त्यांची सुरखी करायची आणि ती चुन्यात मळायची. त्या चुन्याला पाणी सहन करण्याचं बळ सुरखीमुळे येतं. बैलांनी ओढायच्या चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक आपल्या अनेक किल्ल्यांवर आजही पडलेलं दिसतं. पुढच्या वेळी दिसलं तर त्याच्याजवळ थोडं उभे राहा.

जुनं ते सोनं म्हणायच्या आत मात्र किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपेत होती. मराठवाड्यातल्या त्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडाच्या, मातीत रचलेल्या. वर लाकडाचं आणि मातीचं जड माळवद. भूकंपाच्या हिसक्यात भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आलं. सात-आठ हजार माणसं, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त, गेली. मातीतली रचाई सोडवायला सोपी असते. म्हणूनच ती सुटायलाही सोपी असते. पुढे तज्ज्ञांनी सांगितलेल्या उपायांमध्ये दोन अगदी साधे होते. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालायचे, आणि घराला चारही बाजूंनी एक सलग पट्टा बांधायचा. भिंत दगडाचीच ठेवा, पण तिला धरून ठेवणारं काहीतरी द्या.

हे दोन्ही एकत्र मनात धरून पाहा. सोडवता येईल इतकं सैल, आणि भूकंपात माणसाच्या अंगावर येणार नाही इतकं घट्ट. सोपं उत्तर नाही. मला स्वतःला वाटतं ते असं, की मजबुती मालाच्या चिकटपणात ठेवण्याऐवजी रचनेत ठेवावी. वाड्याच्या कडीपाटात तुळई खांबावर खाचेने बसते, खुंटीने अडते. ती खुंटी काढली की तुळई अख्खी निघते. आजच्या पोलादी इमारतींत तेच काम नट-बोल्ट करतात.

आता भिंत खाली आली आहे असं समजा. समोर ढीग आहे. पुण्यात त्याला राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. त्याच्याकडे पाहताना नाक मुरडू नका, जवळ बसा आणि त्यात काय काय आहे ते एकेक ओळखा. विटांचे तुकडे. काँक्रीटचे डबर. वाकलेल्या सळया. टाइल्सच्या कपच्या. प्लॅस्टिकचे पाइप, वायरींची गुंतवळ, खिडकीची काच, फॉल्स सीलिंगच्या पीओपीच्या पापड्या, थर्माकोलचे गोळे, कुणाचीतरी एक चप्पल.

यातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं तर जवळजवळ प्रत्येकाला जायला जागा आहे. सगळे एकत्र असले की कुणालाच नाही. खड्यांसकट तांदूळ कुणी शिजवत नाही, तसंच हे. पीओपी म्हणजे जिप्सम. त्याचा चुरा खडीत मिसळला आणि ती खडी नव्या काँक्रीटमध्ये गेली, तर त्यातले सल्फेट सिमेंटशी खेळत बसतात, काँक्रीट आतून फुगतं, तडकतं. दोन खोल्यांच्या छताची हौस ट्रकभर चांगल्या मालावर पाणी फिरवू शकते. जुने सिमेंटचे पत्रे याहून वाईट. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. अख्खे आहेत तोवर ते गप्प असतात, फोडले की त्यांची धूळ फुप्फुसात जाते आणि राहते. ते वेगळे, अख्खे, ओले करून उतरवायचे. चुऱ्यात त्यांचा एक तुकडाही जाता कामा नये.

म्हणून पडण्याचा वेग महत्त्वाचा. 28 ऑगस्ट 2022 रोजी नोएडामधले दोन जुळे मनोरे स्फोटकांनी पाडले. नऊ-दहा सेकंदांत सुमारे 80 हजार टनांचा ढीग झाला, टीव्हीवर देशाने तो टाळ्या वाजवत पाहिला. त्यानंतर तोच ढीग फोडून, निवडून, वाहून न्यायला महिने लागले, तेव्हा कॅमेरे नव्हते. वेळ द्यावा लागतोच. पाडण्याआधी द्यायचा की पाडल्यानंतर, एवढंच आपल्या हातात असतं, आणि आधी दिलेला वेळ स्वस्त पडतो.

हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. 2016 च्या नियमांनुसार दिवसाला 20 टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून अधिक असा कचरा काढणाऱ्याने तो जागेवरच चार भागांत वेगळा करायचा, असं ठरलं: काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक, आणि विटा व गिलावा. 2025 मध्ये नवे नियम आले. 1 एप्रिल 2026 पासूनच्या या नियमांनी मोठ्या प्रकल्पांच्या विकासकांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. नियम वाचायला चांगले आहेत. आपल्या गल्लीत चालू असलेल्या पाडकामावर मात्र मला आजवर चार वेगळे ढीग दिसलेले नाहीत.

ढिगातला काँक्रीटचा एक तुकडा उचला. हा आजच्या मननातला सगळ्यात जड भाग आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ बसू.

तुकड्याच्या फुटलेल्या बाजूला काळी-करडी खडी दिसेल. ती बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरावर थर लाव्हा पसरला, सह्याद्री त्यातूनच झाला. एवढा जुना दगड सुरुंग लावून खाणीतून काढला, क्रशरमध्ये फोडला आणि तुमच्या स्लॅबमध्ये घातला. खडीच्या भोवती वाळू. ती एखाद्या नदीने दगड घासून घासून केलेली. त्या वाळूसाठी नदीपात्रं किती खोल खणली गेली, हे नदीकाठच्या माणसाला विचारा. आणि या दोघांना धरून ठेवणारी राखाडी लुकण, म्हणजे सिमेंट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-आवारपूरच्या परिसरात चुनखडक निघतो. तो 1450 अंशांच्या भट्टीत भाजतात. त्या भाजण्यात खडकात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, शिवाय भट्टीच्या इंधनाचा वेगळा. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो.

साडेसहा कोटी वर्षांचा दगड, कोण जाणे कधीची वाळू, आणि चाळीस वर्षांचं घर. या तीन वयांकडे जरा वेळ नुसतं पाहा. काही ठरवू नका.

आता हा तुकडा प्रक्रिया केंद्रात नेऊ. फाटकावर वजनकाटा. मग माणसं हाताने लाकूड, प्लॅस्टिक, चिंध्या काढतात. चाळणीवर माती खाली पडते. जबड्यासारखा क्रशर डबर फोडतो, पट्ट्यावरून जाताना चुंबक सळयांचे तुकडे उचलतो, काही ठिकाणी पाण्याने धुऊन गाळ वेगळा करतात. शेवटी वेगवेगळ्या आकारांची खडी आणि वाळू बाहेर पडते. त्यातून पदपथाचे पेव्हर ब्लॉक होतात, रस्त्याच्या कडेचे दगड होतात, रस्त्याच्या पायातला थर होतो. ही खडी नव्यासारखी नसते, हेही मान्य करू. तिच्या अंगाला जुना माल चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी जास्त पिते आणि ताकदीला थोडी उणी पडते. भारतीय मानक 383 ची 2016 ची आवृत्ती म्हणूनच मोजून परवानगी देते: साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-25 दर्जापर्यंतच आणि तेही 20 टक्के, पाया समतल करायच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण 100 टक्के. एवढा स्पष्ट आकडा कागदावर असताना ‘जुन्याचं नवं काँक्रीट कसं चालेल’ म्हणून मान हलवणारे इंजिनिअर भेटतात, तेव्हा त्यांना हा आकडा दाखवावा.

पण मनन म्हणून बसलो आहोत, तर एक गोष्ट स्वतःपासून लपवायला नको. या सगळ्यातून दगड परत येतो. सिमेंट परत येत नाही. भट्टीतून गेलेला कार्बन, जळालेला कोळसा यांतलं काही क्रशर मागे आणत नाही. पुनर्चक्रण डोंगर वाचवतं, नदी वाचवतं, खाडी बुजू देत नाही. इमारत पाडण्यात जे गेलं ते फक्त इमारत न पाडल्याने वाचतं. दुरुस्तीने पंचवीस वर्षं उभी राहू शकेल अशी इमारत पाडून तिचे पेव्हर ब्लॉक केले, तर मी त्याला पर्यावरणाची सेवा म्हणणार नाही.

सळईचं नशीब चांगलं. पाडकामाच्या जागेवर छोटे हातोडे घेऊन बसलेली माणसं डबर फोडून तिला मोकळी करतात, भंगारवाला ती तोलून नेतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार विजेच्या भट्टीत वितळतं आणि त्याच्या पुन्हा सळया होतात. लाकडाचंही बरं चालतं. जुना साग मुरलेला, आता न वाकणारा. वखारीत त्याला गिऱ्हाईक असतं. वाड्याचा दिंडी दरवाजा एखाद्या रिसॉर्टच्या भिंतीला टेकून, मागे पिवळा दिवा लावून उभा असतो, ते पाहून माझं मन फारसं प्रसन्न होत नाही, तरी शेगडीत जाण्यापेक्षा बरं. ज्या इमारतीत लाकूड आणि लोखंड भरपूर, तिथे पाडकामाचा ठेकेदार अनेकदा पैसे घेत नाही, उलट मालकाला देतो. त्याचा हिशेब दारं, खिडक्या, सळया, वायरींतलं तांबं यांवर बसतो. ज्याला भाव आहे ते सगळं आपल्याकडे केव्हाचं परत वापरलं जातं, कुठलाही नियम नसताना. बिनभावाचं उरतं ते रात्रीच्या डंपरमधून ओढ्यात, नदीपात्रात, खाडीच्या कांदळवनात पडतं. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं. डंपर त्यानंतरही दिसतात.

आणि ही निवडणी करणारी माणसं. त्यांना क्षणभर समोर आणा. तोंडाला बांधलेला ओढणीचा पदर किंवा हातरुमाल, एवढंच त्यांचं संरक्षण. काँक्रीट फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं छातीत साठते. पाण्याचा एक पाइप आणि सतत फवारा, एवढ्याने तिचा बराच भाग खाली बसतो. पाइप महाग नसतो.

बिनभावाच्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक माणूस चंदीगडला होता. नेक चंद सैनी. त्यांचं गाव फाळणीत पाकिस्तानात राहिलं. ल कॉर्बुझिएच्या आराखड्याप्रमाणे नवं चंदीगड उभं राहत होतं तेव्हा ते बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते. त्या शहरासाठी जुनी गावं पाडली गेली. त्यांच्या ढिगांतून नेक चंद यांनी फुटकी भांडी, बांगड्या, टाइल्स, संडासाची भांडी, विजेची सॉकेटं सायकलवरून वाहून नेली आणि सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, जिथे काहीही बांधायला मनाई होती, गुपचूप मूर्ती घडवल्या. हे 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून चाललं होतं. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तो सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. बेकायदा म्हणून ते सगळं पाडलं जाऊ शकलं असतं. 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, नेक चंद यांना पगार आणि हाताखाली मजूर मिळाले. आज ते रॉक गार्डन म्हणून सगळ्यांना माहीत आहे. मला त्यांच्या कलेइतकंच त्यांच्या निवडण्याचं कौतुक वाटतं. बांगड्या एकीकडे, टाइल्स एकीकडे, जिथे जे शोभेल तिथे ते. सरकारी नियमाने सांगायच्या कितीतरी आधी.

तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर एवढं करा. आधी एखाद्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा की दुरुस्तीने काम भागतं का. भागत नसेल तर विकासकाबरोबरच्या करारनाम्यात लिहून घ्या: दारं, खिडक्या, पत्रे, वायरिंग, पीओपी आधी उतरवायचं, ढाच्याला हात त्यानंतरच लावायचा. राडारोडा चार भागांत वेगळा ठेवायचा. तो कोणत्या प्रक्रिया केंद्रात गेला याच्या वजनकाट्याच्या पावत्या सोसायटीला द्यायच्या. नव्या इमारतीचे पदपथ, कुंपण, पायाखालचं काँक्रीट यांत अशाच केंद्रातला माल वापरायचा. पाडकाम करणाऱ्यांना मास्क आणि पाण्याचा फवारा द्यायचा. विकासक म्हणेल की असं कुणी मागत नाही. तेव्हा तुम्ही मागा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा असं पत्र याच आठवड्यात चिटणिसांकडे द्या.